.२२ स्पोर्ट्स पिस्तूल: रिकॉइल स्प्रिंग कुठली घालावी, आणि दोन स्प्रिंगा जोडून चालतं का?

रामबागकर

मंडळी, माझी मुलगी २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल खेळते. इंदूरला थंडी पडायला लागल्यापासून सकाळच्या सरावात तिचं पिस्तूल अडकतंय. काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर फेकली जात नाही, स्लाइडच्या (पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या) तोंडात उभी अडकून बसते. ऊन चढलं की तेच पिस्तूल सुरळीत चालतं. मध्यंतरी काडतुसांचा लॉटही बदलला आणि नवा लॉट आधीच्या मानाने मवाळ वाटतो.

रेंजवर सल्ल्यांना तोटा नाही. एक म्हणतात नरम रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइडला परत पुढे आणणारी, ती घाला. दुसरे म्हणतात आहे त्याच स्प्रिंगचे दोन वेढे कापा. तिसरे म्हणतात सांवेर रोडच्या कारखान्यांत हवी तशी बनवून मिळेल. एकाने तर दोन छोट्या स्प्रिंगा एकामागे एक घालायला सांगितल्या. पिस्तुलाच्या पेटीत कंपनीची एक जादा नरम स्प्रिंग आलेली आहे, ती अजून वापरलेली नाही.

स्प्रिंग नुसत्या आकड्यावरून निवडावी हे मला पटत नाही. काडतूस, स्लाइड, मॅगझीन या सगळ्यांशी तिचं जुळायला हवं. पण ते जुळवायचं कसं, कुठल्या क्रमाने? ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

गौरी_नेमबाज

काका, मी पण .२२च खेळते. नरम स्प्रिंग घाला, विषय संपला. टारगेट पिस्तुलात मवाळ काडतूस आणि नरम स्प्रिंग हीच जोडी चालते.

भुट्टेकाकीस

गौरीताई, दोन ओळींत विषय संपवलात तर आम्ही वाचायचं काय? महूचे काका येईपर्यंत थांबा जरा.

महूचे_काका

आलो. फौजेत माझी सगळी नोकरी हत्यारं उघडण्या-जोडण्यात गेली, त्यामुळे हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे.

आधी एक समजून घ्या. .२२ टारगेट पिस्तूल बहुतेक साध्या ब्लोबॅकवर चालतं. नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवणारं कुलूप त्यात नसतं. गोळी पुढे जाते, त्याच दाबाने पुंगळी मागे ढकलली जाते आणि ती स्लाइडला मागे रेटते. पुष्कळ लोकांना वाटतं की त्या क्षणी स्लाइड बंद धरून ठेवण्याचं काम स्प्रिंग करते. तसं नाही. .२२ लाँग रायफलचा कमाल दाब १६५ मेगापास्कलच्या आसपास असतो. नळीचं छिद्र ५.६ मिलिमीटरचं, म्हणजे क्षेत्रफळ साधारण २५ चौरस मिलिमीटर. गुणाकार केलात तर पुंगळीवर चार हजार न्यूटनच्या घरात जोर येतो. स्प्रिंगचा सुरुवातीचा जोर असतो वीसेक न्यूटन. ती काय धरून ठेवणार? धरून ठेवतं ते स्लाइडचं वजन.

स्प्रिंगचं काम त्याच्या नंतरचं. मागे जाणाऱ्या स्लाइडचा वेग खायचा, फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या स्थिर सांगाड्यावर, आदळणं सौम्य करायचं, आणि परत येताना मॅगझीनमधलं पुढचं काडतूस उचलून चेंबरमध्ये बसवून स्लाइड पूर्ण बंद करायची. ही दोन्ही कामं एकाच स्प्रिंगकडून करून घ्यायची असतात, म्हणून निवड अवघड जाते. जोर फार झाला की स्लाइड पुरती मागेच जात नाही आणि पुंगळी अडकते, तुमच्या मुलीचं होतंय तसं. जोर कमी पडला की स्लाइड धाडकन फ्रेमवर आदळते आणि परत येताना पुरती बंद होईलच याचा भरवसा राहत नाही.

ताईंनी ‘विषय संपला’ म्हटलंय, पण स्प्रिंगला हात लावण्याआधी बरंच काही बघायचं असतं. चेंबर स्वच्छ आहे का? .२२च्या शिशाच्या गोळीवर मेणाचा लेप असतो, त्याचा आणि जळक्या दारूचा थर चेंबरच्या तोंडाशी साचतो. पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली मळ आहे का? तेल कुठलं घालता? घट्ट तेल असेल तर डिसेंबरच्या सकाळी ते आणखी आळतं. दुपारी पिस्तूल बरं चालतं असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. मला पहिला संशय तेलाचा आणि मेणाचा आहे.

केदार_बडोदा

काकांनी वजनाचा मुद्दा मांडलाय, त्याला आकडे जोडतो. गोळी २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३२० मीटर धरा. स्लाइड २०० ग्रॅमची धरा. वायूचा वाटा सोडून दिला तर स्लाइडला सेकंदाला चार मीटरच्या वर थोडा वेग मिळतो, म्हणजे साधारण १.७ ज्यूल ऊर्जा. या ऊर्जेतून स्प्रिंग दाबायची, घोडा (हॅमर) मागे पाडायचा, घर्षण भागवायचं, आणि जे उरेल ते फ्रेमवर जाणार. गोळीचा वेग पाचच टक्क्यांनी घटला तर ही ऊर्जा जवळपास दहा टक्क्यांनी घटते, कारण वेगाचा वर्ग होतो. मवाळ लॉटमध्ये पिस्तूल का अडकतं त्याचं उत्तर इथेच आहे. त्यात तेल आळलेलं, म्हणजे घर्षण वाढलेलं. दोन्ही एकाच सकाळी आलं.

आता वेढे कापण्याबद्दल. माझी हात जोडून विनंती, कापू नका. स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. वेढे कमी केले की उरलेली स्प्रिंग मिलिमीटरमागे जास्त कडक होते आणि लांबी मात्र घटते. उदाहरणच घेऊ. २० कामाचे वेढे, मोकळी लांबी १२० मिलिमीटर, कडकपणा मिलिमीटरला ०.४ न्यूटन. स्लाइड बंद असताना स्प्रिंग ७० मिलिमीटरवर बसते, पूर्ण मागे गेल्यावर ४० वर. म्हणजे बंद स्थितीत जोर २० न्यूटन, मागे ३२. आता दोन वेढे कापा. लांबी १०८, कडकपणा ०.४४. बंद स्थितीतला जोर झाला १७ च्या आत आणि मागचा ३०.

बंद करणारा जोर १५ टक्क्यांहून जास्त गेला, मागचा सहा टक्केसुद्धा कमी झाला नाही. जिथे जोर हवा होता तिथला गेला आणि जिथे कमी व्हायला हवा होता तिथे जेमतेम फरक पडला. कंपनीची नरम स्प्रिंग बारीक तारेची किंवा जास्त वेढ्यांची असते, तिथे हिशोब आधीच जुळवलेला असतो.

तारवाला_सांवेररोड

भिया, सांवेर रोडचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमचं स्प्रिंगचंच काम आहे, पंपाच्या, व्हॉल्व्हच्या, मशिनींच्या. हत्यारांचं काम मी घेत नाही. शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रातच मोडतात, बनवायला आणि दुरुस्तीला परवाना लागतो. कोणी ‘बनवून देतो’ म्हणाला तर आधी त्याच्या परवान्याचं विचारा.

बाकी स्प्रिंगबद्दल मनापासून सांगतो. लोक नमुना घेऊन येतात आणि म्हणतात, तार साधारण एवढीच, १९-२० चालेल. तारेत १९-२० चालतच नाही. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.९ मिलिमीटरऐवजी १ मिलिमीटरची तार लावली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर स्प्रिंग दीडपटीहून जास्त कडक होते. डोळ्याला फरक दिसत नाही, मायक्रोमीटरला दिसतो.

दुसरं, तार गुंडाळली म्हणजे स्प्रिंग झाली असं नाही. गुंडाळल्यावर भट्टीत ताण काढावा लागतो, म्युझिक वायरला, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी तारेला, साधारण अडीचशे अंशांवर. मग टोकं घासून सपाट करायची. मग पुरती दाबून सोडायची, म्हणजे जी काही लांबी बसायची ती आमच्याकडेच बसून जाते. कापलेल्या स्प्रिंगचं टोक उघडं राहतं, स्प्रिंगच्या आतल्या गाइड रॉडच्या खांद्यावर एका बाजूने टेकतं, स्प्रिंग तिरकी दबते आणि रॉडला घासत राहते.

गौरी_नेमबाज

केदारदादांचा कापण्याचा हिशोब पटला. पण नरम स्प्रिंगबद्दल मी ठाम आहे. जोरात परत येणारी स्लाइड नळीचं तोंड खाली पाडते. नेम धरायची साइट परत जागेवर यायला वेळ लागतो.

महूचे_काका

ताई, मुद्दा खरा आहे, पण कुठल्या स्पर्धेत? पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, आणि शेवटच्या टप्प्यात त्या चार सेकंदांत. तिथे स्लाइड परत येताना पिस्तूल किती हलतं यावर पुढची गोळी ठरते. महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये घडलेल्या विजय कुमारने २०१२ला लंडनमध्ये याच स्पर्धेत रौप्य मिळवलं. तिथली मुलं या एका गोष्टीवर किती मेहनत घेतात ते मी जवळून पाहिलंय.

रामबागकरांची मुलगी खेळते त्यात ३० गोळ्या प्रिसिजनच्या, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. उरलेल्या ३० रॅपिडच्या, पण तिथेही तीन सेकंदांत एकच गोळी आणि मध्ये सात सेकंद हात खाली. त्या सात सेकंदांत साइट कितीतरी वेळा जागेवर येते. तिला स्लाइडची चपळाई नको, दर वेळी पुंगळी बाहेर आणि काडतूस आत, एवढंच हवं. म्हणून मी आधी कंपनीची मूळ वजनाची नवी स्प्रिंग घालून बघेन. नरम स्प्रिंग त्यानंतर.

गौरी_नेमबाज

हे मान्य. मी स्टँडर्ड पिस्तूल पण खेळते, त्यात दहा सेकंदांत पाच गोळ्या असतात, म्हणून माझा अनुभव वेगळा असेल.

अनघा_ल

विषयाला सोडून आहे, पण राहवत नाही. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतलं तेव्हा आमच्या लोकमान्य नगरात कोल्हापूरच्या एका काकूंनी पेढे वाटले होते. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. रामबागकर, लेकीला खूप शुभेच्छा!

भुट्टेकाकीस

पेढ्यांवरून आठवलं, लेकीचं पिस्तूल सुरळीत चाललं की सराफ्यात जिलेबी तुमच्याकडून.

ग्वाल्हेरचे_भाऊ

माझा प्रश्न थोडा निराळा. माझ्याकडे परवान्याचं .३२ पिस्तूल आहे, आयुध निर्माणीचं. एक जण म्हणाला जास्त कडक स्प्रिंग लावा, फ्रेमवर मार कमी बसेल, पिस्तूल जास्त वर्षं टिकेल. यात चूक काय? कडक असलेली बरी की!

महूचे_काका

भाऊसाहेब, हा समज सगळीकडे आहे. स्लाइड मागे जाताना कडक स्प्रिंग फ्रेम वाचवते हे खरं. पण जेवढी ऊर्जा तिने साठवली ती परत येताना ती देणारच. स्लाइड पुढे जास्त जोराने आपटते.

त्यातून मॅगझीनचा प्रश्न उभा राहतो. स्लाइड मागे जाऊन परत येईपर्यंत मॅगझीनच्या स्प्रिंगने पुढचं काडतूस वर आणून धरलेलं असायला हवं. स्लाइडचा मागचा प्रवास अपुरा, परतीचा वेग जास्त आणि मॅगझीनची स्प्रिंग जुनी, असं झालं की स्लाइड काडतुसाच्या बुडाच्या वरून निघून जाते किंवा मध्येच त्याच्या अंगावर चढते. लोक मॅगझीनला दोष देतात. म्हणून रिकॉइल स्प्रिंग बदलली की मॅगझीनच्या स्प्रिंगकडेही बघावं.

तिसरी गोष्ट सुरक्षेची. काही पिस्तुलांत फायरिंग पिन (काडतुसावर ठोकर मारणारी सळई) मोकळी असते, फक्त तिची छोटी स्प्रिंग तिला मागे धरते. स्लाइड जास्त जोराने बंद झाली तर पिन स्वतःच्या वजनाने पुढे सरकू शकते. रिकॉइल स्प्रिंग कडक करायची तर पिनच्या स्प्रिंगचाही विचार करावा लागतो, आणि तो परवानाधारक आर्मररनेच, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्यानेच, करावा. तुमच्या पिस्तुलाला निर्माणीने दिलेली स्प्रिंगच ठेवा, थकली की तसलीच नवी घाला.

घोड्याची स्प्रिंगसुद्धा या हिशोबात येते. स्लाइड मागे जाताना घोडा पाडते, तो पाडायला जोर लागतो, म्हणजे मागे जाणाऱ्या स्लाइडला अडवणारी ती दुसरी स्प्रिंगच. कोणी ट्रिगर हलका व्हावा म्हणून घोड्याची स्प्रिंग नरम केली असेल तर रिकॉइल स्प्रिंगचं जुळलेलं गणित नकळत बदलतं.

केदार_बडोदा

काका, पौंडाच्या आकड्यांचंही सांगा. ‘१६ पौंडाची स्प्रिंग’ म्हणजे नक्की काय, यावर लोक भांडतात.

महूचे_काका

तो आकडा बहुधा स्लाइड पूर्ण मागे असतानाचा जोर असतो. १९११ नावाच्या अमेरिकन .४५ पिस्तुलाची, पाच इंच नळीची, मूळ स्प्रिंग १६ पौंडांची मानतात, म्हणजे सव्वासात किलो, आणि तो जोर स्लाइड पूर्ण मागे असताना. स्लाइड बंद असताना जोर बराच कमी असतो. त्यामुळे एका मॉडेलचा आकडा दुसऱ्याला लावू नये. तीच स्प्रिंग लहान नळीच्या पिस्तुलात घातली तर कमी जागेत जास्त दबते आणि आकडाच बदलतो. स्लाइड फ्रेमला टेकण्याआधी वेढ्याला वेढा चिकटला तर स्लाइड थांबवायचं काम स्प्रिंगवर येतं. मग स्प्रिंगही मोडते आणि गाइड रॉडचं टोकही. तारेची जाडी गुणिले एकूण वेढे, ही झाली ठोस लांबी. स्लाइड पूर्ण मागे असताना स्प्रिंगला जेवढी जागा मिळते त्यापेक्षा ही लांबी कमीच हवी.

आणि मी ज्या ९ मिलिमीटर १ए या फौजी पिस्तुलावर आयुष्य काढलं, ईशापूरला बनलेलं, ब्राउनिंग हायपॉवरच्या घराण्याचं, ते कुलूपबंद नळीचं. तिथे नळी आणि स्लाइड थोडं अंतर बरोबर मागे जातात, मग नळी खाली झुकते आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. ब्लोबॅकचे नियम तिथे जसेच्या तसे लावू नका.

अनघा_ल

बिजासनजवळ बीएसएफचं शस्त्रांचं संग्रहालय आहे. उघडलेली हत्यारं बघायला मिळाली की हे सगळं पटकन कळेल.

रामबागकर

सगळ्यांचे आभार. दोन स्प्रिंगा एकामागे एक घालण्याबद्दल मात्र कोणी लिहिलं नाही. सांगणारा म्हणतो दोघींचा जोर एकत्र होतो.

केदार_बडोदा

राहूनच गेलं. तो उलटं सांगतोय. एकामागे एक जोडल्या तर कडकपणा घटतो. ०.४ आणि ०.८ न्यूटनच्या दोन जोडल्या की मिळतात ०.२७, दोघींपेक्षाही नरम. वर नरम बाजू आधी पुरती दबून जाते आणि तिथून पुढे एकदम कडक स्प्रिंग लागते, म्हणजे स्लाइडला मधूनच झटका. दोघींच्या जोडावर टोकं एकमेकांवर चढतात ते वेगळंच.

जोर एकत्र होतो तो एकीच्या आत दुसरी घातली तर. ०.४ आणि ०.८ चे १.२. काही आधुनिक पिस्तुलांत कंपनीच अशा आतबाहेरच्या दोन स्प्रिंगा देते. नळी लहान, जागा कमी, एकाच स्प्रिंगमध्ये एवढं मावत नाही म्हणून. काहींमध्ये आतली स्प्रिंग शेवटच्या टप्प्यातच कामाला लागते. पण ते सगळं एकत्र बांधलेलं असतं.

तारवाला_सांवेररोड

आणि आतली-बाहेरची नेहमी उलट्या दिशेने गुंडाळतात. एक उजवी, एक डावी. दोन्ही एकाच दिशेच्या असल्या तर दबताना एकीचे वेढे दुसरीच्या वेढ्यांत घुसतात आणि अडकतात. आम्ही मशिनीच्या स्प्रिंगांतही हे पाळतो. घरच्या दोन स्प्रिंगा एकमेकींत घालून बघणाऱ्याला हे माहीत नसतं.

रामबागकर, एक करा. आर्मररला सांगून जुनी स्प्रिंग आणि त्याच मॉडेलची नवी स्प्रिंग टेबलावर शेजारी ठेवा. नवी स्प्रिंग पहिल्या वापरात किंचित बसते ते सोडा. त्यानंतरही लांबी घटत गेली असेल तर स्प्रिंग थकली. नुसती दाबून ठेवल्याने चांगली स्प्रिंग थकत नाही, वारंवार दबण्या-सुटण्याने थकते.

गौरी_नेमबाज

पण काका, थकलेली स्प्रिंग म्हणजे नरम स्प्रिंग. मग पुंगळी अडकायला नको, उलट जोरात उडायला हवी ना?

महूचे_काका

शाबास, नेमका प्रश्न विचारलात. म्हणूनच थकलेल्या स्प्रिंगवर माझा भर नव्हता. पुंगळ्या कुठे पडतात ते बघा. पायाजवळ पडत असतील तर स्लाइडला ताकद कमी पडतेय, म्हणजे काडतूस मवाळ, घर्षण जास्त, किंवा स्प्रिंग त्या काडतुसाला कडक. फार लांब उडत असतील तर उलट. आणि मनगट ढिलं असलं तरी स्लाइड अपुरी जाते, थंडीत बोटं आखडली की पकड ढिली होते.

क्रम असा ठेवा. आधी सफाई आणि पातळ तेल. मग जुना लॉट आणि नवा लॉट एकाच सकाळी, त्याच पिस्तुलात. दोन्ही चालले तर स्प्रिंगला हात लावू नका. फक्त नवा लॉट अडकला तर कंपनीची नरम स्प्रिंग. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

रामबागकर

काका, तुमच्या क्रमानेच केलं. आर्मररने चेंबरच्या तोंडाशी मेणाचं कडं काढून दाखवलं, नखाने खरवडण्याइतकं जाड. तेल बदललं. दोन्ही स्प्रिंगा शेजारी ठेवल्या, लांबी सारखीच, म्हणजे जुनी थकलेली नाही. थंडीच्या सकाळी जुना लॉट अजिबात अडकला नाही. नवा मधूनमधून अडकला आणि त्याच्या पुंगळ्या तिच्या बुटाशी पडत होत्या. मग पेटीतली नरम स्प्रिंग आर्मररने घातली. रिकाम्या पिस्तुलाचं तोंड वर धरून स्लाइड हलकेच पुढे सोडली, पूर्ण बंद झाली. मॅगझीनमध्ये एकच काडतूस भरून झाडल्यावर मॅगझीन रिकामं झालं आणि स्लाइड हवी तशी मागेच थांबली, म्हणजे ती पुरती मागे जातेय. आता नवा लॉट सकाळीही चालतो. उन्हाळ्यात किंवा जोरकस काडतूस आलं की मूळ स्प्रिंग परत घालायची, असं डबीवरच लिहून ठेवलंय.

लेकीचा एक प्रश्न: स्पर्धेत अडकलंच तर स्लाइड ओढून मोकळं करायचं का?

गौरी_नेमबाज

अजिबात नाही! पिस्तूल लक्ष्याच्या दिशेनेच धरून ठेवायचं, पकड सोडायची नाही, मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरची वाट बघायची. स्वतः हात लावला तर तो मंजूर बिघाड धरत नाहीत. सरावात पण तसंच करायला लावा, म्हणजे सवय होईल.